खुराक, मेहनत आणि देहाचा हिशेब

माणसाच्या आयुष्यात एक वेळ अशी येते की, आजवर मुकाट्याने राबणारे शरीर हळूहळू बोलू लागते. जिना चढताना गुडघा कुरकुरतो, जपमाळेच्या पुस्तकातली अक्षरे पुसट होतात, लग्नाच्या पंगतीत जेवलेले अन्न रात्रभर जागे ठेवते. चाळिशी ओलांडून पन्नाशीकडे झुकलेल्या स्त्रीपुरुषांना हे सारे परिचयाचे आहे. शरीराच्या या बोलण्याकडे लक्ष द्यावे की नाही, आणि द्यायचे तर कोणत्या भावनेने द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा प्रश्न आहे. काय खावे, किती चालावे हे डॉक्टर सांगू शकतील. परंतु कशासाठी खावे आणि कोणासाठी चालावे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते.

आपल्या धर्मग्रामांत या प्रश्नाची दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर जुन्या पिढीचे. मुलेबाळे मार्गी लागली, आता देवाने दिले असतील तेवढे दिवस जगायचे. या वयात शरीराचे चोचले कशाला? दुसरे उत्तर नव्याने आलेले आहे. त्यात शरीर हेच सर्वस्व मानले जाते. सकाळी वजनकाटा, दुपारी औषधी भुकटी, संध्याकाळी आरसा असा त्याचा दिनक्रम असतो आणि म्हातारपण म्हणजे जणू एखादी लाजिरवाणी गोष्ट असावी अशी धडपड चालते. पहिल्या उत्तरात भक्तीचा सूर आहे, दुसऱ्यात शिस्तीचा. तरीही आम्हांला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. ती का, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

या विचारासाठी कोल्हापूरसारखे दुसरे गाव शोधून सापडणार नाही. या नगरीने शरीरबळाला जेवढा मान दिला तेवढा महाराष्ट्रात क्वचितच कोणी दिला असेल. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला राजाश्रय दिला. १९०२ साली ते युरोपच्या प्रवासास गेले असता रोम येथील प्राचीन वर्तुळाकार क्रीडागार त्यांच्या पाहण्यात आले आणि त्या धर्तीवर पुढे १९१२ साली कोल्हापुरात खासबागेचे कुस्तीचे मैदान उभे राहिले. रोमचे ते क्रीडागार म्हटले की आपणा ख्रिस्ती लोकांना रक्तसाक्षी आठवतात. कोल्हापूरच्या राजाने तेथून जी कल्पना आणली ती मात्र माणसे मारण्याची नव्हती, घडवण्याची होती. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींतून पिढ्यान्‌पिढ्या गडी तयार झाले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक देणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. परंतु त्यांचे शिक्षण आणि कुस्तीची जडणघडण कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात असताना झाली. १९५९ साली पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे आणि १९६० साली तो मान मिळवणारे गणपतराव आंदळकर हेही याच मातीचे मल्ल.

तालमीच्या भाषेत दोन शब्द जोडीने येतात : खुराक आणि मेहनत. दूध, तूप, बदाम, थंडाई, मटण हा खुराक. आणि पहाटे उठून मारलेले जोर, बैठका, मातीतली लढत ही मेहनत. वस्तादाच्या हिशेबात या दोन्ही पारड्यांचा तोल असतो. खुराक कमी पडला तर गडी खचतो, मेहनत कमी पडली तर गडी सुटतो. ज्याला या गावात जन्म मिळाला त्याला हे शास्त्र शिकवावे लागत नाही. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून हाती दिलेला फेसाळ पेला पिताना ते आपोआप कळते.

अडचण येते ती पुढे. कुस्ती एक दिवस सुटते. लग्न होते, नोकरी लागते, शेती सांभाळावी लागते. लंगोट खुंटीवर जातो. मेहनत थांबते, पण जिभेला लागलेला खुराक थांबत नाही. काही वर्षांतच पिळदार देहावर चरबीचे थर चढतात, रक्तात साखर येते आणि ज्याने मैदाने मारली तो गडी जिन्यावर थबकतो. तालमीची पायरी कधीही न चढलेल्या आपल्यासारख्यांची गोष्टही वेगळी नाही. विशीत आपण सायकलवर कॉलेजला जात होतो, विहिरीत पोहत होतो, डोक्यावरून पाण्याच्या घागरी आणत होतो. आज दुचाकी दाराशी आहे, पाणी नळाला आहे, पण ताटातली चौथी पोळी अजून विशीतलीच आहे. तांबडा रस्सा वाटीभर होता तो भांडेभर झाला आहे. मेहनतीचे पारडे वर गेले आणि खुराकाचे खाली बसले, याची नोंद आपण घेतलीच नाही.

शरीर मात्र नोंद घेत असते. तिशीनंतर दर दहा वर्षांनी माणसाच्या स्नायूंचा साधारण तीन ते आठ टक्के भाग झिजतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. स्त्रियांच्या बाबतीत ऋतुनिवृत्तीनंतर हाडांची झीजही झपाट्याने होते. ही झीज पूर्णपणे थांबवता येत नाही. परंतु तिचा वेग पुष्कळ अंशी आपल्या हाती असतो. १९५३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना करण्यात आली होती. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढउतर करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या घरातील दहा दुर्बल वृद्धांना पायांच्या स्नायूंचा व्यायाम आठ आठवडे शिकवण्यात आला. अभ्यास पूर्ण करणाऱ्यांच्या पायांतील ताकद सरासरीने दुपटीहून अधिक वाढल्याचे आढळले. म्हणजे नव्वदाव्या वर्षीही देह शिकायला तयार असतो. ‘आता काय उपयोग’ हे वाक्य आपण पन्नाशीतच उच्चारतो, तेव्हा ते देहाचे मत नसते, आपल्या आळसाचे असते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे दिली ती आवाक्याबाहेरची नाहीत. आठवड्याला किमान १५० मिनिटे श्वास किंचित जलद होईल असे चालणे, दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सराव. रोज अर्धा तास रंकाळ्याच्या काठाने वा विद्यापीठाच्या झाडांखालून चालणाऱ्याचे चालणे आठवड्यात पुरे होते. जोर मारणे जमणार नाही त्याने भिंतीला हात टेकून जोर काढावेत. बैठका जमणार नाहीत त्याने खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठावे व बसावे. जमिनीवर मांडी घालून जेवण्याची आपली जुनी रीत म्हणजे दिवसातून दोन वेळा आपसूक घडणारी बैठकच होती. ती टेबलामुळे गेली. देवळात गुडघे टेकून पुन्हा उभे राहता येणे, ही भक्तीची खूण तर आहेच, पण पायांत बळ शिल्लक असल्याचीही ती खूण आहे.

आहाराचेही तसेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. वय वाढेल तशी ही गरज काहीशी वाढते, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. गंमत अशी की, नेमक्या याच वयात आपण डाळ, अंडी, मासे कमी करतो आणि चहाबरोबर बिस्किटे, टोस्ट, खारी वाढवतो. घरात पिठले आहे, मटकीची उसळ आहे, दही-ताक आहे, शेंगदाण्याची चटणी आहे. ज्वारीची भाकरी तर आपल्या हक्काची. हे सारे स्वस्त आणि जवळचे अन्न आहे. कमी करायचे ते लोणचे-पापडातले मीठ, वर तरंगणारा कट, आणि गूळ देशी आहे म्हणून तो साखर नव्हेच, ही समजूत. मिठाची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एका लहान चमच्याएवढी सांगितली आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज असा की, देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि एकतीस कोटींहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब. आपली घरे या मोजणीच्या बाहेर नाहीत. ज्यांना मूत्रपिंडाचा, हृदयाचा वा साखरेचा विकार आहे, त्यांनी अर्थातच डॉक्टरांना विचारूनच ताट आणि व्यायाम ठरवावा.

इथवरचे सारे कोणत्याही मासिकात वाचायला मिळेल. आपला मूळ प्रश्न त्याच्या पलीकडचा आहे. हा देह सांभाळायचा कशासाठी?

‘देव ठेवील तसे राहायचे’ या उत्तराकडे प्रथम वळू. त्यातील शरणभाव आम्हांला वंद्य आहे. परंतु शरणभाव आणि बेफिकिरी यांचे कपडे सारखे दिसतात, म्हणून सावध राहावे लागते. संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याची आठवण करून दिली आणि आपण आपले स्वतःचे नाही असेही बजावले. या शिकवणीतील दुसरा भाग आपण बहुधा विसरतो. देह माझा असता तर मी तो कसाही वापरला असता. तो माझा नाही, माझ्याकडे ठेवायला दिला आहे. शुभवर्तमानातील धन्याने चाकरांच्या हाती द्रव्य सोपवले, तेव्हा ते जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराने चोरी केली नव्हती. त्याने काहीच केले नव्हते. धन्याचा राग नेमका त्यावर होता. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या श्रद्धाग्रंथातही जीवन आणि आरोग्य ही परमेश्वराने सोपवलेली मौल्यवान देणगी असून तिची वाजवी काळजी घेणे हे कर्तव्य आहे, असे शिकवले आहे. इतरांच्या गरजा आणि समाजाचे हित ध्यानात ठेवून ती घ्यावी, हेही त्यातच आहे. अन्न, मद्य, तंबाखू आणि औषधे यांचा अतिरेक टाळण्याचा उपदेश त्याला जोडूनच येतो. ‘देवाची इच्छा’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी आपल्या इच्छेचा वाटा त्यात किती, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. तीस वर्षे तंबाखू चघळून झालेल्या आजाराला केवळ देवाची इच्छा म्हणणे, हा देवावर आळ घेण्याचा प्रकार आहे.

यावर कोणी म्हणेल की, संतांनी तर देहाला कष्टवले, उपाशी ठेवले, मग आपण त्याचे लाड का करावेत? प्रश्न रास्त आहे. परंतु संतांची चरित्रे शेवटपर्यंत वाचली पाहिजेत. असिसीचे संत फ्रान्सिस आपल्या देहाला विनोदाने ‘गाढवभाऊ’ म्हणत आणि त्याला फार राबवीत. आयुष्याच्या शेवटी मात्र या गाढवभावाशी आपण निष्ठुरपणे वागलो, अशी कबुली त्यांनी दिल्याचे त्यांचे जुने चरित्रकार नमूद करतात. संत बर्नार्ड यांनी तरुणपणी केलेल्या कठोर उपासांमुळे त्यांचे पोट जन्मभर बिघडले. त्यांच्याही आधी, सहाव्या शतकात, संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात आजाऱ्यांची विशेष निगा राखण्यास सांगून वृद्ध आणि बालके यांना जेवणाच्या कडक नियमांतून सवलत दिली. आजच्या धर्मविधीसंहितेतही हे शहाणपण टिकून आहे. १९८३ च्या संहितेनुसार उपवासाचे बंधन साठावे वर्ष लागेपर्यंतच असते. ख्रिस्तसभा आपल्या वृद्ध लेकरांना सांगते की, आता उपाशी राहून सिद्ध करण्यासारखे काही उरले नाही. ती माता आहे. तिला आपल्या लेकरांचे वय ठाऊक आहे.

म्हणून उपवास आणि पथ्य यांतला फरक समजून घेतला पाहिजे. उपवास देवासाठी आणि भुकेलेल्या शेजाऱ्यासाठी असतो. पथ्य देहाच्या गरजेसाठी असते. दोहोंच्या मुळाशी मात्र एकच सद्गुण आहे आणि तो म्हणजे मितत्व. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते मितत्वाचे माप जिवाच्या गरजेवरून ठरते. गरज सर्वांची सारखी नसते आणि एकाच माणसाची सर्वकाळ सारखी राहत नाही. अतिभोजनाचे प्रकार सांगताना त्यांनी फार खाणे एवढेच सांगितले नाही. अवेळी खाणे, उतावीळपणे खाणे, फार खर्चिक खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे हेही त्यात मोजले. या यादीत चमचमीत खाणारा जसा सापडतो, तसाच प्रत्येक घासाचे उष्मांक मोजून घरच्यांचे जेवण अवघड करणाराही सापडतो. पथ्याचाही गर्व होऊ शकतो.

येथून आपण दुसऱ्या उत्तराकडे येतो. आरोग्य हेच अंतिम श्रेय मानले की माणूस दोन प्रकारे निर्दय होतो. तो स्वतःशी निर्दय होतो, कारण सुरकुती त्याला पराभव वाटते. आणि तो आजाऱ्यांशी निर्दय होतो, कारण आजार म्हणजे निष्काळजीपणाची शिक्षा, असे तो मनोमन धरून चालतो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी असाच प्रश्न विचारला होता की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. मधुमेही शेजाऱ्याकडे पाहून ‘खाण्यावर ताबा नव्हता’ असे आपण सहज बोलून जातो, तेव्हा शिष्यांचा तोच प्रश्न आपल्या तोंडी असतो. पुष्कळ विकार रक्तातून येतात, दारिद्र्यातून येतात, रात्रपाळीतून येतात. आपल्या पथ्याचा दंडुका करून दुसऱ्याच्या पाठीत घालण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

शिवाय काळजी घेतली म्हणजे दीर्घायुष्याचा करार झाला असेही नाही. ज्या राजाने कोल्हापूरला बळाची उपासना शिकवली, ते शाहू महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत निवर्तले तेव्हा त्यांना अठ्ठेचाळीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. खाशाबा जाधव १९८४ साली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, रस्त्यावरील अपघातात गेले. आंदळकरांना ८३ आणि खंचनाळे यांना ८६ वर्षांचे आयुष्य लाभले. यात न्यायाचा ताळमेळ शोधू गेल्यास तो सापडत नाही. परंतु शाहू महाराजांच्या अठ्ठेचाळीस अपुऱ्या वर्षांत काय बसले ते पाहावे : मागासलेल्यांसाठी १९०२ साली निम्म्या जागा राखून ठेवणारा हुकूम, सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण, राधानगरीच्या धरणाच्या कामाचा आरंभ, वसतिगृहे, तालमी. आयुष्याची लांबी आपल्या हाती नाही. ते कोणाच्या उपयोगी पडले हे पुष्कळसे आपल्या हाती आहे. देह सांभाळायचा तो या उपयोगासाठी. तालमीतला गडीसुद्धा केवळ आरशासाठी मेहनत करत नव्हता, गावाचे नाव राखण्यासाठी मैदानात उतरत होता. आंदळकर १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकला जाऊन आले आणि पुढे मोतीबाग तालमीत त्यांनी अनेक मल्ल घडवले. हाती आलेले बळ पुढच्या पिढीच्या हाती देणे, हा वस्तादाचा धर्म होय.

या साऱ्या विचारात एक व्यक्ती मात्र राहून जाते. तालमीच्या उंबऱ्यावर ती कधी आली नाही आणि खुराकाच्या हिशेबात तिचे नाव नव्हते. ती म्हणजे घरातली बाई. नवऱ्याला दूध, मुलाला अंडे, सासऱ्याला मऊ भात देऊन ती सर्वांत शेवटी बसते आणि पातेल्यात उरले असेल ते खाते. कालची भाकरी तिच्या वाट्याला, कोंबडीची मान तिच्या वाट्याला, आणि भाजी संपली तर चटणी तिच्या वाट्याला. पंचेचाळिशीनंतर तिची हाडे पोकळ होऊ लागतात, आणि त्याच सुमारास घरातले दूध नातवंडाकडे वळते. दिवसभर ती उभी असते म्हणून तिला व्यायामाची गरज नाही, असे घरातले पुरुष सांगतात. ती पडून मांडीचे हाड मोडते, तेव्हा घराला कळते की घर कोणाच्या पायांवर उभे होते.

अशा बाईचा आपण त्याग म्हणून गौरव करतो. मातृदिनी तिच्यावर प्रवचन होते. पण त्याग हा देणाऱ्याने स्वखुशीने केला तर त्याग. घेणाऱ्यांनी तो गृहीत धरला तर तो अन्याय होय. प्रभूने आपल्या शिष्यांना एकाच मेजावर बसवले आणि एकच भाकर मोडून सर्वांना दिली. रविवारी मिस्साबलिदानात आपण त्या मेजाचे भागीदार होतो आणि घरी परतून दोन पंगती मांडतो, ही विसंगती आम्हांला आहारशास्त्रातील कोणत्याही चुकीपेक्षा गंभीर वाटते. सर्वांनी एकत्र बसावे, तिचे ताट आधी वाढावे, रोजचे पेलाभर दूध वा वाटीभर दही तिच्या नावाने काढून ठेवावे आणि संध्याकाळचा अर्धा तास चालण्यासाठी तिला घरातून मोकळे करावे. याला पैसा लागत नाही. याला लागते ती घरातल्या पुरुषाने आपले ताट स्वतः उचलण्याची तयारी.

मद्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या समाजात लग्न, नामकरण, सण यांना प्याल्याचे वावडे नाही, आणि कोणी हटकले तर संत पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले होते, हा दाखला तयार असतो. दाखला खरा आहे. पण त्यातला ‘थोडा’ हा शब्द आणि पोटाचे दुखणे हे कारण, दोन्ही सोयीस्करपणे गळतात. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णपणे निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. ज्याचे यकृत पन्नाशीत थकले आहे त्याला आग्रहाने दुसरा प्याला भरून देणारा यजमान आतिथ्य करत नसतो. आग्रह न करणे हीसुद्धा एक प्रकारची शेजारप्रीती आहे. पंगतीत ‘आणखी एक जिलबी’ म्हणून मधुमेही पाहुण्याच्या ताटात टाकणाऱ्यालाही हेच लागू आहे.

आता प्रश्न उरतो तो सातत्याचा. जानेवारीत सुरू केलेले चालणे उपवासकाळ लागेपर्यंत बंद पडते आणि ईस्टरनंतर सगळेच विसरले जाते. तालमीने यावर फार पूर्वी उत्तर शोधले होते. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी हजार बैठका मारायला लावत नाही. तो त्याला रोज यायला लावतो. आधी नेम, मग बैठका. नीतिशास्त्रात सद्गुणाची व्याख्या याहून वेगळी नाही. एकदा केलेले सत्कृत्य म्हणजे सद्गुण नव्हे. पुन्हा पुन्हा करून जे अंगवळणी पडते आणि अखेर आनंदाने घडू लागते, तो सद्गुण. प्रार्थनेचा नेम ज्याला ठाऊक आहे त्याला चालण्याचा नेम परका वाटू नये. एक भेद मात्र विसरता कामा नये. तालमीत कोणी एकटा मेहनत करत नाही, जोडीदार लागतो. एकट्याने धरलेला नेम पावसाळ्याच्या पहिल्या सरीबरोबर वाहून जातो. धर्मग्रामातील चार कुटुंबांनी सकाळच्या मिस्सेनंतर मिळून तासभर पायी फिरण्याचे ठरवले, एकट्या राहणाऱ्या एखाद्या वृद्धाला त्यात सामील करून घेतले, सणाच्या जेवणात तळणाऐवजी एक उसळ वाढवली, तर आरोग्याबरोबर सोबतही लाभेल. आणि या वयात सोबतीची गरज कधी कधी प्रथिनांहून मोठी असते.

शेवटी एक गोष्ट मनाशी धरून ठेवावीशी वाटते. सारे नेम पाळूनही एक दिवस बळ ओसरणार आहे. पुनरुत्थित प्रभूने पेत्राला सांगितले होते की, तरुणपणी तू स्वतः कंबर कसून हवे तेथे जात होतास, म्हातारपणी दुसरा तुझी कंबर बांधील आणि नको तेथे नेईल. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या आयुष्यात आपल्या पिढीने या वचनाचा अर्थ डोळ्यांनी पाहिला. डोंगर चढणारे, बर्फावर घसरणीचा खेळ खेळणारे, पोहणारे ते धष्टपुष्ट धर्मपिते पुढे कंपवाताने वाकले. त्यांचे हात थरथरू लागले, शब्द अडखळू लागले आणि तरीही ते लोकांसमोर येत राहिले. १९९९ साली त्यांनी जगातील वृद्धांना उद्देशून पत्र लिहिले, तेही एक वृद्ध म्हणूनच. २००५ साली, वयाच्या ८४ व्या वर्षी, ते गेले. देह बळकट असताना त्यांनी तो लपवला नाही, आणि खंगल्यावरही लपवला नाही. देह ही देणगी आहे असे ज्याने मानले त्याला ती परत करताना लाज वाटत नाही.

तेव्हा वाचकहो, पन्नाशीनंतर बळ राखायचे ते मरण टाळण्यासाठी नव्हे. नातवंडाला उचलता यावे, आजारी जोडीदाराला कुशीवर वळवता यावे, शेजाऱ्याच्या दाराशी आपल्या पायांनी जाता यावे, यासाठी ते राखायचे. जितके दिवस आपण दुसऱ्याला उचलू शकतो, तितके दिवस उचलायचे. आणि उचलून घेण्याची पाळी आपल्यावर येईल तेव्हा कुरकुर न करता दुसऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. या दोन्ही गोष्टींची तयारी एकाच वेळी करावी लागते, आणि तिची सुरुवात उद्या सकाळच्या अर्ध्या तासापासून, आज रात्रीच्या ताटापासून करता येते.